तू नसलास तर

मिलिंद, आज सकाळी तुझ्या वहीतलं सागवानाचं प्रकरण परत वाचलं आणि परत तुला शिव्या घातल्या. मोठ्याने घातल्या. शेजारच्या आरा मशीनवरचे दोघं काम थांबवून बघत राहिले. बघू देत. आपण दोघं भांडतो हे अख्ख्या लकडगंजला माहीत आहे. आता एकाच बाजूचा आवाज येतो, एवढाच फरक.

तू गेल्यावर उमरेडला तुझ्या पुण्यानुमोदनाला सगळे तुझ्याबद्दल चांगलं बोलले. खाणीतून निवृत्त झालेले तुझे बाबा बोलले, एसटी स्टँडवरचा चहावाला बोलला, तुझ्या लेकीच्या वर्गशिक्षिका बोलल्या. मला दोनदा विचारलं, ताई, तुम्ही बोलता का? मी नाही म्हणून मान हलवली. उभी राहिले असते तर सगळ्यांदेखत तुला खोटारडा म्हटलं असतं, आणि तुझ्या आईसमोर ते बरं दिसलं नसतं. म्हणून इथे लिहितेय. इथे तुला मला मध्येच तोडताही येणार नाही.

आठवतं का, आपली ओळखच मुळी भांडणाने झाली. मी पुण्यातली नोकरी सोडून आले होते ती बाबांचं फर्निचरचं दुकान आवरायला. बाबांनी बनवलेले दरवाजे वर्षभरात वाकायचे, गिऱ्हाइकं ते परत आणून दारात टाकायची, आणि शेवटी बाबांनी शटर ओढलं. दोष बाबांच्या हाताचा नव्हता, आत ओल राहिलेल्या लाकडाचा होता. मी इंजिनिअर, म्हणून लाकडातली ओल मोजणारं एक परदेशी यंत्र मागवून फळ्यांत सुया टोचत बसले होते. तू रोज उमरेडहून बसने नागपूरला यायचास, त्या दिवशी शेजाऱ्यांचा वजनकाटा दुरुस्त करायला आला होतास. ओळख ना पाळख, सरळ आत आलास, माझ्या फळीवर बोटाच्या पेराने टकटक केलंस आणि विचारलंस, "तुमची मशीन काय म्हणते, म्याडम?"

मी म्हटलं, कोरडं आहे म्हणते.

"खोटं बोलून राहिली मशीन. वल्लं हाय."

मी तुला बाहेरचा रस्ता दाखवला. दुसऱ्या दिवशी ती फळी आऱ्यावर उभी चिरली तर आतून गार, ओलसर. मग तुझा नंबर शोधायला मला तीन दुकानं पालथी घालावी लागली.

त्यातून आपलं यंत्र झालं. आयटीआय शिकलेला काटेदुरुस्तीवाला आणि नोकरी सोडलेली इंजिनिअर, बाबांच्या बंद दुकानाच्या मागच्या खोलीत. सुया माझ्या, कान तुझा. तू आधी फळी ठोकायचास, काय ऐकू आलं ते पेन्सिलीने फळीवरच लिहायचास, मग मी सुया टोचायचे, आणि यंत्र तुझ्या कानाशी सहमत होईपर्यंत आपण ते खोलून परत लावायचो. पडद्यावर आकडा दाखवायचाच नाही, हा हट्ट तुझा. सुताराला आकडा कायले पाहिजे, म्हणालास, त्याले सांग काप नाही तं थांब. मी म्हटलं, किती दिवस थांब तेही सांगू. तू म्हणालास, "हे बेस झालं वं." तू मला मस्करीत म्याडम म्हणायचास आणि मनापासून बोलायला लागलास की वं. माझ्या तोंडात मात्र तुमचं गा कधी बसलं नाही. त्या दिवशी मला फार बरं वाटलं होतं. आज कबूल करते.

आता रागाचं.

हाताने एकेक यंत्र बनवून पुरं पडेना, तेव्हा बाहेरचा पैसा आणायची कल्पना माझी. तुझा विरोध होता. "दुसऱ्याचा पैसा कायले पाहिजे? हळूहळू करू ना." या वाक्यावर आपण दोन वर्षं भांडलो आणि ते भांडण अर्धवटच राहिलं, कारण शेवटी तू माझ्या हट्टापुढे मान तुकवलीस. का तुकवलीस? इतर वेळी तू स्क्रूच्या लांबीवरून अबोला धरायचास, आणि नेमका इथेच शहाण्यासारखा वागलास.

मग आपण पुण्याचे ते सल्लागार धरले. व्हिडिओवर यायचे, कॉलरवाला टीशर्ट, मागे पुस्तकांचं कपाट. त्यांनी आपली तयारी करून घेतली. कागदपत्रं नीट लावा, पंधरा पानांत गोष्ट सांगा, आपसातला करार करा. करारात एक कलम होतं: जो संस्थापक पाच वर्षांच्या आत कंपनीतून जाईल, त्याचा हिस्सा कंपनीकडे परत येईल. कोणत्याही कारणाने, असं पुढे बारीक अक्षरात. तू सही करताना हसलास. "मी कुठी जातो? जायचं असंन तं तूच जाशील पुण्याले." मीही हसले. खरं सांगू? ते कलम वाचताना माझ्या मनातही मीच होते. लकडगंजमध्ये तू नाहीस असं मला सुचलंच नाही.

आणि दर गुरुवारी रंगीत तालीम. मी बाबांचा जुना चष्मा नाकावर ठेवून गुंतवणूकदार व्हायचे, तू समोर उभा राहून उत्तरं द्यायचास. सल्लागारांच्या यादीत एक प्रश्न तांबड्या शाईत होता. मी तो चष्म्यावरून बघत विचारला, "उद्या तुम्ही नसलात तर या कंपनीचं काय?"

"नसलो म्हंजे? कुठी जाऊन राहिलो मी?"

"समजा."

"बस चुकली तं दुसऱ्या बसनं येतो ना."

मी चिडले. हे असलं उत्तर चालत नाही, म्हटलं. पैसा लावणाऱ्याला माणसाची खात्री नको असते, कंपनीची हवी असते. सगळं तुझ्या कानात आहे, मिलिंद, तुझा कान काय आम्ही कपाटात ठेवणार आहोत का? उत्तर 'हो, चालेल' असंच पाहिजे. तू नसलास तरी चालेल, असं तुला छातीठोकपणे सांगता आलं पाहिजे.

हे मी बोलले. ह्याच तोंडाने. तू मान डोलावलीस, आणि मला वाटलं, चला, पटलं एकदाचं.

पुढच्या गुरुवारी तू ती लांब वही घेऊन आलास. पहिल्या पानावर ठसठशीत अक्षरात: 'सागवान. कुठी ठोकाचं, कसं ऐकाचं.' पुढे बाभूळ, कडुनिंब, शिसम. प्रत्येक लाकडाचा आवाज तू शब्दांत पकडायचा प्रयत्न केला होतास. एका ठिकाणी लिहिलंस, भरलेल्या माठावर टिचकी मारल्यावानी. मी अक्षरशः टाळ्या वाजवल्या. इतकी वर्षं कानीकपाळी ओरडत होते, लिही, लिही, तेव्हा ढिम्म हलला नाहीस, आणि आता पानंच्या पानं. शाबास म्हटलं तुला. शाबास! मला तो शब्द आता तोंडात धरवत नाही.

माझ्या त्या प्रश्नाच्या आधीच तुझी छाती तपासून झाली होती. ती तारीख मला आता माहीत आहे. त्या दिवशी तू उमरेडला लग्न आहे म्हणून सुट्टी घेतली होतीस, आणि मी वर विचारलंही होतं, जेवण कसं होतं. तू म्हणालास, वडाभात मस्त होता. हृदयाच्या नळ्यांत अडथळे आहेत, लगेच ऑपरेशन करा, असं ऐकून आलेला माणूस मला वडाभाताची चव सांगत होता!

मग तू फळ्या उचलायचं बंद केलंस. मला म्हणायचास, "उचल वं तू. ठोक. ऐक. सांग." मी म्हटलं, मी इंजिनिअर आहे, हमाल नाही. तुझा आळशीपणा मला कळत नाही का? तू स्टुलावर बसून हसत राहिलास. मी चुकीचं सांगितलं की डोक्याला हात लावायचास आणि परत ठोकायला लावायचास. जिन्यावर थांबायचास ते ॲसिडिटीमुळे. घाम यायचा तो उन्हामुळे. नागपूरच्या एप्रिलमध्ये घामाचं कारण कोण विचारतं? बरोबर महिना निवडलास.

आणि तो फॉर्म. गुंतवणूकदारांनी दोघा संस्थापकांकडून भरून मागितलेला. 'कोणताही गंभीर आजार आहे का?' मीच तुझ्यासमोर ठेवला, पेनही मीच दिलं. तू विचारलंस, "सर्दी लिवाची का?" मी हसून म्हटलं, लवकर कर, स्कॅन करायचाय. तू 'नाही'वर खूण केलीस. बारीकशी, कोपऱ्यात. तुला वाटलं असेल कंपनी वाचवतोय. अरे, दोन सुया आणि एक पडदा असलेल्या डबीसाठी माणूस असं करतो का? कोण करतं असं?

सोमवारी सकाळी बसच्या वेळेला दारात चप्पल घालता घालता तू खाली बसलास तो उठला नाहीस. मी इकडे साडेदहापर्यंत तुला फोन लावत होते, उशीर झाला म्हणून झापायला.

पुण्यानुमोदनानंतर तिसऱ्या दिवशी सल्लागारांचा फोन आला. आधी दोन वाक्यं दुःखाची, ती त्यांनी नीट म्हटली. मग म्हणाले, मॅडम, एका अर्थी आपली तयारी झालेली आहे. वही आहे. म्हणजे कंपनी त्यांच्यावर अवलंबून राहिलेली नाही हे आपण कागदावर दाखवू शकतो. करारातल्या कलमाप्रमाणे त्यांचा हिस्सा कंपनीकडे परत घेऊ, नव्या लोकांना तो देता येईल, चित्र स्वच्छ दिसतं. आजाराबद्दल त्यांना माहीत होतं की नव्हतं, तो विषय आपण काढायचा नाही.

मी विचारलं, हिस्सा परत का? तो काय नोकरी सोडून गेलाय?

"कागदाच्या दृष्टीने तसंच, मॅडम."

ऐकलंस? तू रोज संध्याकाळी बसून लिहिलेली वही हा तुझी गरज नसल्याचा पुरावा ठरला. तुझ्या बायकोच्या हाती काहीही येऊ नये याची सोय तू स्वतः, सुवाच्य अक्षरात करून ठेवलीस. आणि त्या बारीक अक्षराखाली माझीही सही आहे. आता तुझ्यावर किती चिडू आणि स्वतःवर किती, तूच सांग.

त्याच रविवारी उमरेडची बस पकडली. तुझी संगीता मागच्या अंगणात होती, टिनाच्या शेडखाली, जिथे तू आपल्या फळ्या रचून ठेवायचास. मी बसायच्या आत विचारलं, तुला माहीत होतं?

"मीच नेलं होतं दवाखान्यात."

"मंग मले काहून नाही सांगतलं वं?" माझ्याही तोंडून तुमचीच बोली निघाली.

"त्यायनं पोरीची शपथ घातली होती, ताई. म्हणे, वैशालीले कळलं तं ते मीटिंगच रद्द करून टाकते अन् मले उचलून दवाखान्यात नेते."

"नेलंच असतं!"

"तेच तं." तिने पदराने हात पुसले आणि पहिल्यांदा माझ्या डोळ्यांत बघितलं. तीही रागात होती, मिलिंद. माझ्यावर. "तुमी विचारलं होतं म्हणे, तू नसला तं काय. त्याचंच उत्तर लिवत बसत रोज. मी म्हणो, आधी ऑपरेशन करून घ्या, मंग लिवा. तं म्हणे, आधी लिवून ठेवतो, मंग काही झालं तरी फिकर नाही."

काहीतरी करायचं म्हणून मी वरची फळी ओढली, ठोकली, आणि सवयीने बोलून गेले, सुकलं.

"नाही, ताई. वल्लं हाय अजून." संगीता उठली. "मधात नाही ठोकाचं, कडेले ठोका. अन् कान जवळ न्या."

पिशवीत यंत्र होतं. सुया टोचल्या. पडद्यावर आलं: थांब.

"रोज संध्याकाळी ठोकून ठोकून डोकं उठवलं होतं त्यायनं माझं," ती म्हणाली. "वरून मलेच विचारत, सांग बरं, वल्लं का सुकलं? मी चुकली तं जेवत नसत." मग आम्ही दोघीही रडलो आणि मग तिने भाकर वाढली, तुझ्याच ताटलीत.

येताना बसमध्ये वही शेवटपर्यंत चाळली. तेव्हा ती पानं दिसली. आषाढ, श्रावण, भादवा. पट्टीने आखलेली, रकाने पाडलेले, आत एक अक्षर नाही. पावसाळ्यात हवेतच ओल असते, तेव्हा सागवानाचा आवाज फसवतो, हे तूच म्हणायचास. नव्या यंत्राला एक पावसाळा ऐकवल्याशिवाय ते पुरं झालं असं म्हणायचं नाही, हेही तूच म्हणायचास. म्हणजे तू राहणार होतास. जाण्याची सगळी तयारी करूनही तू पावसाळ्यात इथे असणार होतास, रकाने आखून बसला होतास. मला इतका राग आला की शेजारच्या सीटवर कुहीच्या कोणी बाई होत्या, त्यांनी पाण्याची बाटली पुढे केली.

काल मीटिंग झाली. गुंतवणूकदारांकडून एक बाई आणि एक गृहस्थ आले होते, आपल्याच मागच्या खोलीत, बाबांनी बनवलेल्या टेबलाभोवती. सल्लागार पडद्यावर. गृहस्थांनी यंत्र हातात घेऊन बघितलं, दोन फळ्या तपासल्या, खूश दिसले. बाई जरा अवघडल्या. मनाने चांगल्या असाव्यात, कारण विचारण्याआधी त्यांनी पेन खाली ठेवलं. "विचारणं बरं वाटत नाही. पण मिलिंदजी नसताना ही कंपनी चालेल का?"

पडद्यावरून सल्लागारांनी मान डोलावली, म्हणजे बोला. पाठ केलेलं उत्तर जिभेवर होतं. वही टेबलावर होती.

मी म्हटलं, नाही.

सल्लागारांचा चेहरा बघायला तू पाहिजे होतास.

मी वहीची ती कोरी पानं उघडून त्यांच्यासमोर सरकवली. हे काम झालेलं नाही, म्हटलं. हे करू शकेल अशी एकच व्यक्ती आहे जिला ते ऐकू येतं, ती त्याची बायको. त्याचा हिस्सा तिच्या नावावर राहील, कलम मी बदलून घेतेय, ते तुम्हाला चालत नसेल तर चहा घ्या आणि निघा. आणि फॉर्मवर त्याने आजाराबद्दल 'नाही' लिहिलं ते खोटं आहे. त्याला माहीत होतं. त्याने ते लपवलं, कारण मी त्याला पढवलं होतं की तो नसला तरी चालतं असंच सांगायचं असतं.

बाईंनी पानं उलटली, आषाढ, श्रावण, भादवा, आणि वही अलगद बंद केली. पावसाळा संपल्यावर परत येऊ, म्हणाल्या. येतील की नाही, मला माहीत नाही. सल्लागारांनी रात्री मेल करून आपली साथ सोडली, त्याचं मला काही वाटलं नाही. संगीता सोमवारपासून येतेय, तुझ्याच बसने.

आता तू म्हणशील, एवढी मेहनत करून मले हो म्हणाले शिकवलं, अन् ऐन वेळी तूच नाही म्हटलं वं? हो, म्हटलं. भांड. ये आणि भांड.

कारण चूक त्या बाईंची नव्हती. हा प्रश्न तुला पहिल्यांदा मी विचारला होता, बाबांचा चष्मा लावून, आणि तू बसची थट्टा करून माझ्याकडे बघत राहिलास. आता कळतं, तू उत्तर टाळत नव्हतास. मी काय म्हणते ते ऐकायला थांबला होतास. तेव्हा मी चष्मा काढून खरं ते बोलले असते, तर तू त्याच आठवड्यात दवाखान्यात असतास आणि मी उशाशी बसून तुला झापत असते. काल ते परक्या दोन माणसांना सांगितलं. तुला सांगायचं राहिलंच.

तू नसला तं नाही चालत गा.